नारळ आणायला पाठवलेली माणसं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "खरे देऊ की छापण्यासारखे?" ते म्हणाले, "खरेच द्या." आता त्यांनी आणि तुम्ही मिळून भोगा.

मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. वर्ध्याजवळच्या आंजीला रस्त्यालगतच माझं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिनं, एक कडुनिंब आणि त्याच्या फांदीला टांगलेली चेनपुली. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा बंद केलं. इंजिन, गिअर, क्लच, सगळंच करायचो, पण नाव झालं ते लिफ्टच्या कामात. आणि नाव तरी काय झालं? 'नारळवाला मिस्त्री'. कोणी नवखा गावात येऊन माझा पत्ता विचारायचा, तर लोक त्याला आधी किराणा दुकान दाखवायचे आणि मग मला.

समज असा होता, की या मिस्त्रीच्या हाताला काहीतरी वरदान आहे. त्यानं बसवलेला पंप नारळ फुटल्यावर हमखास उचलतो आणि नारळाशिवाय उचलत नाही. हा समज मी पसरवला नाही, फक्त खोडून काढला नाही. या दोन्हींत फरक आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होतो.

ज्यांनी ट्रॅक्टर फक्त रस्त्यात आडवा आल्यावर पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी हात असतात. नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, जे जोडलं असेल ते हे हात उचलतात आणि खाली ठेवतात. यालाच आम्ही लिफ्ट म्हणतो. हातांना ताकद तेलाची. मागच्या पेटीत तेल भरलेलं असतं, ते एक लहानसा पंप ओढतो आणि जोरानं पुढे ढकलतो. पंप सोललेल्या नारळाएवढा. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात, बस्स. इंजिन सुरू झालं की तोही फिरतो. त्याला वेगळं बटण नाही.

दुरुस्तीसाठी पंप खोलला की त्यातलं तेल सांडतं आणि पाइप रिकामे होतात. परत बसवला की आत नुसती हवा. मग पंप गरगर फिरतो, पण तेल काही ओढत नाही. तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण जे तेल तो ढकलतो, त्याच तेलावर त्याची चाकं सुखानं फिरतात. तेल नसलं की लोखंडावर लोखंड घासतं. धीम्या चालीत तो थोडा वेळ तग धरतो. कोणी रेस दिली, की बघता बघता आतून ओरखडे पडतात आणि नवाकोरा पंप भंगारात जातो.

म्हणून नट कसले म्हणजे काम संपलं असं नाही. पंपाच्या तोंडात तेल ओतून त्याचा दांडा हातानं फिरवायचा. तेल ओढणारा पाइप भरूनच जोडायचा. डिझेल बंद करायची दांडी ओढून धरायची, म्हणजे इंजिन पेटत नाही, आणि तीन-चारदा चावी फिरवून सेल्फ मारायचा. पंप सावकाश फिरतो. पुढच्या पाइपचा नट थोडा ढिला ठेवायचा. तिथून आधी फुसफुस हवा येते, मग फेस येतो, मग फेस जाऊन स्वच्छ तेलाची धार लागते. धार लागली की नट कसायचा आणि मगच इंजिन पेटवायचं, तेही अगदी धीम्या चालीत. लिफ्ट रिकामीच पाच-सहा वेळा वरखाली करायची, तेलाची पातळी बघायची, कमी पडलं तेवढं ओतायचं. पंपानं तेल धरलं. पंधरा मिनिटांचं काम. यात देवाचा, मुहूर्ताचा किंवा माझ्या हाताचा काडीचा संबंध नाही.

मग नारळ कुठून आला?

मी काम शिकलो हिंगणघाटला, एका उस्तादांच्या हाताखाली. उस्ताद पाच वेळचे नमाजी. नारळाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण ट्रॅक्टरचा मालक हा विचित्र प्राणी आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ट्रॅक्टर चार दिवस खोलून पडला असेल तर तो फिरकत नाही. शेवटचा नट कसायला घेतला, की नेमका उगवतो. आणि मग त्याला दम धरवत नाही. "झालं ना? मारू का सेल्फ?" एकदा उस्ताद पंपात तेल ओतत असतानाच एकानं चावी फिरवली, आणि उस्तादांची पांढरी दाढी तेलानं निथळली. दाढी पुसता पुसता ते मला म्हणाले, "आगे से इसको नारियल लाने भेज दिया कर." मी विचारलं, चहा का नाही? तर म्हणाले, "चाय लाने वो दूसरे को भेजेगा. नारियल लाने खुद जाएगा."

हा एवढा शहाणपणा मी आंजीला घेऊन आलो. शेवटचा पाइप जोडायला घेतला, की पाना खाली ठेवून म्हणायचो, "भाऊ, एक नारळ घेऊन या बरं." मालक लगबगीनं निघायचा. किराणा दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाणं-येणं आणि वाटेतल्या गप्पा धरून पंधरा मिनिटं नक्की. तो परत येईपर्यंत पंपानं तेल धरलेलं असायचं. नारळ फुटायचा, सेल्फ लागायचा, लिफ्ट उचलायची. दहादा असंच दिसल्यावर माणूस काय समजणार? आमच्या घरी मात्र बारा महिने नारळाची चटणी, नारळाच्या वड्या, नारळाचा भात. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "आता त्या मालकाइले साखर आणाले पाठवत जा."

इतक्या वर्षांत दोघांनीच माझी पंचाईत केली. एक जण पिशवीत नारळ घेऊनच आला. "म्हटलं तुमाले सांगाची पाळी काऊन आणावी!" मी चेहरा गंभीर केला आणि त्याला कापूर आणायला पिटाळलं.

दुसरे वानखेडे सर. शाळेत शिकवायचे आणि घरची शेतीही बघायचे. बौद्ध घर. मी नारळाचं काढताच म्हणाले, "आमी नारळ-बिरळ फोडत नाई, मिस्त्री. तुमी करा तुमचं काम, मी पाह्यतो." आणि स्टूल ओढून समोर बसले. काही इलाज नव्हता. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत केलं. फेस जाऊन धार लागली, तर माझ्याआधी तेच म्हणाले, "आता कसा नट." काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग नारळ कायले?"

मी खरं ते सांगितलं, की मालक पंधरा मिनिटं दूर राहावा म्हणून. सर खूप हसले. मग म्हणाले, "हे लोकाइले सांगत काऊन नाई?"

मी म्हटलं, "सांगतलं तं मले कोन ईचारन, सर?"

त्यावर त्यांचं हसू थांबलं. "एखांद्या दिवशी कोनाचं तरी नुकसान होईन, पाहा," एवढंच बोलले. मी मनात म्हटलं, मास्तर लोकांना उपदेशाची सवयच असते.

देवरावजींच्या घरचं काम त्यानंतर दोनेक वर्षांनी आलं.

देवरावजी शेजारच्या गावचे जुने शेतकरी, काळी कसदार जमीन, दारात एक जुना लाल ट्रॅक्टर. बायको गिरजाबाई, घर त्यांच्या आवाजावर चालायचं. मुलगा सुनील हिंगणघाटला जिनिंगमध्ये नोकरीला, कापसाच्या हंगामात त्याला सुटी नाही, म्हणून लक्ष्मीपूजन उरकून परत गेलेला. शेताकडचं निम्मं काम बघायची ती सून, वैशाली. मजूर सांगणं, बियाणं काढणं, विहिरीवरची मोटर चालवणं, सगळं तिच्याकडे. सोयाबीन निघालं होतं, रान तयार होतं, हरभरा पेरायचा होता. हरभऱ्याला पाऊस लागत नाही, जमिनीतली ओल लागते, आणि ओल कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी लिफ्टनं हात टाकले. मी पंप पाहिला, गेलेलाच होता. वर्ध्याहून नवा आणला आणि त्यांच्या अंगणातच बसवायला घेतला.

दिवस भाऊबीजेचा. देवरावजींची मुलगी माहेरी आलेली, सोबत जावई प्रमोदराव. नागपूरला कुठल्याशा कचेरीत साहेब. माणूस वाईट नव्हता. पण आमच्याकडे सासुरवाडीला आलेल्या जावयाला कोणी 'नको' म्हणत नाही. जवाईबापूंनी साखर समजून चहात मीठ टाकलं, तर सगळं घर खारा चहा पिईल आणि वर 'झक्कास' म्हणेल.

मी पाइप जोडत होतो, तेव्हा वैशाली पाण्याची बादली घेऊन आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, आमच्या मोटरीत आदी पाणी नाई भरलं तं ते पाणी धरत नाई. याले तसं कायी नाई लागत का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. एवढे ट्रॅक्टर, एवढे मालक, पण विहिरीवरून लिफ्टपर्यंत कोणाचं डोकं पोचलं नव्हतं. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण मी घाबरलो. हसून म्हटलं, "बाई, हे हायड्रोलिक हाय. याले नारळ लागते."

ती हसली नाही. "नारळ आणून ठेवला हाय म्या," म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

इथे मला सावध व्हायला पाहिजे होतं. नारळ घरात तयार होता, म्हणजे कोणाला पंधरा मिनिटं पिटाळायची सोय संपली होती. पण तेवढ्यात गिरजाबाईंनी हाक मारली, "मिस्त्री, जेवून घ्या, पोळ्या गरम हायेत." पुरणपोळी आणि पाटवडीचा रस्सा. पंप बसला होता, पण कोरडा. तेल ओढणाऱ्या पाइपचा नट मी नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. म्हटलं, जेवून येऊ आणि मग निवांत तेल भरू. 'मी येईपर्यंत कोणी चावीला हात लावू नका' एवढं एक वाक्य बोललो असतो, तर हा लेख इथेच संपला असता. नाही बोललो. बोललो असतो तर लोकांनी 'काऊन?' विचारलं असतं, आणि त्या 'काऊन'चं उत्तर देणं मी जन्मभर टाळत आलो होतो.

तिसरी पोळी तुपात बुडवत होतो, तेव्हा अंगणात नारळ फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ सेल्फ लागला. इंजिन पेटलं आणि लगेच रेस चढली. आणि मग पंपाची ती किंकाळी. कोरडा पंप पूर्ण रेसवर कसा ओरडतो हे ज्यानं ऐकलंय, त्याला जेवण गोड लागत नाही.

उष्ट्या हातानं, अनवाणी बाहेर धावलो. ट्रॅक्टरला हळदी-कुंकू, झेंडूची माळ. सीटवर प्रमोदराव, एका हातात मोबाइल, व्हिडिओ सुरू. लिफ्ट उचलत नव्हती, म्हणून दुसऱ्या हातानं ते आणखी रेस देत होते. गिरजाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. मी ओरडलो, "ए, बंद कर!" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या मूर्तीला लाथ मारली. माझीही जीभ आपोआप वळली. "जवाईबापू... जरा बंद करता का?" आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. तेवढ्यात वैशाली पायरीवर चढली, त्यांच्या गुडघ्याजवळून हात घातला आणि बंद करायची दांडी खेचली.

इंजिन थांबलं. जळल्यासारखा वास येत होता, आणि त्यात आणखी एक वास. पुढच्या चाकापाशी नारळाची दोन भकलं पडली होती, आतून काळी.

"कुजका निघाला," गिरजाबाई म्हणाल्या. "कोनं आणला?"

कोणी आणला ते सगळ्यांना माहीत होतं.

"सणाच्या दिवशी घरात कुजका नारळ आणला. अन् जवाईबापू बसून राह्यले असताना वरून ट्रॅक्टर बंद करते! तुमीच सांगा, मिस्त्री. नारळ कुजका निघाला म्हणूनच झालं ना हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वैशालीसुद्धा. ती 'मिस्त्रीले येऊ द्या' म्हणून दोनदा बोलली होती आणि दोनदा तिला गप्प केलं होतं, हे मला नंतर कळलं. पण तिच्या नजरेतून एवढं तेव्हाच कळलं, की पंप कशानं गेला हे तिला ठाऊक आहे, आणि मलाही ठाऊक आहे हे पण तिला ठाऊक आहे. मी सांगेन याची ती वाट बघत होती.

"नारळाचं असतेच तसं," मी म्हणालो.

जन्मात पुष्कळ खोटं बोललो. 'उद्या देतो', 'सामान येऊन राह्यलं', 'तुमचंच काम हातात हाय'. त्यातल्या एकाचीही मला लाज वाटत नाही. या तीन शब्दांची वाटते.

गिरजाबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. "यंदा हरभऱ्याची मूठ माही पोरगी धरन. हिनं वावराकडे याचं नाई." त्या घराची रीत अशी, की पेरणी सुरू व्हायच्या आधी बियाण्याची पहिली मूठ घरच्या सुनेनं जमिनीत सोडायची. वैशाली लग्न होऊन आली तेव्हापासून दर हंगामाला ती सोडत होती. बियाणं तिनं निवडलेलं, रान तिनं करवून घेतलेलं, आणि मूठ नागपूरहून पाहुणी आलेली नणंद धरणार. वैशाली आत गेली.

पंप खोलला. आतल्या भिंतीवर मांजरानं ओरबाडावं तसे चरे. देवरावजी बाजूला बसून होते. म्हणाले, "मिस्त्री, ओल उद्या दुपारपावतर राहीन. मंग वरून वाळन." मी म्हटलं, उद्या सकाळी दुसरा पंप घेऊन हजर होतो.

सकाळी वर्ध्याचं दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो होतो. नवा पंप पिशवीत घालून मोटारसायकलवर परत निघालो, तर सगळ्या वाटेत डोक्यात वानखेडे सर. मी त्यांना शिव्या घालत होतो, पण त्यांचं काही चुकलं होतं असं आठवेना.

देवरावजींच्या घरामागे विहीर आहे. गाडी लावली तेव्हा वैशाली तिथे एकटीच मोटर लावत होती. तिनं पंपाच्या डोक्यावरचं बूच काढलं, बादलीनं पाणी ओतलं. आतून बुडबुडे आले. ती थांबली. परत ओतलं, परत थांबली. बुडबुडे पूर्ण बंद झाल्यावरच बूच लावलं आणि बटण दाबलं. पाइपातून धार पडली. तिनं त्या धारेत पाय धुतले आणि घरात गेली. मी जे काम मालकांना हाकलून, लपूनछपून करत आलो, तेच ही रोज सकाळी उघड्यावर करत होती, आणि त्यासाठी तिला कोणी वरदानवाली म्हणत नव्हतं.

पंप बसवला. पाइप जोडायला घेतला, तशा गिरजाबाई मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हातात भलामोठा नारळ. प्रमोदराव आज मोबाइल खिशात ठेवून लांब उभे होते.

"नारळ राहू द्या, वहिनी," मी गिरजाबाईंना म्हणालो. "वैशालीबाईले बलावा."

"तिले कायले?"

"पंपात तेल भराचं हाय. त्याइले येते ते."

वैशाली दारात आली. मी उभा राहिलो. पाना खाली ठेवला. "वहिनी, काल नारळानं कायी झालं नाई. नारळाचा काईच संबंध नसते. पंप कोरडा फिरला म्हणून गेला. आदी तेल भरा लागते, हे मले मालूम होतं, अन् म्या कोनालेच सांगतलं नाई. या बाईनं मले ईचारलं होतं. तरी नाई सांगतलं. त्याइनं काल दांडी ओढली नसती तं लोखंडाचा चुरा पुऱ्या लिफ्टमंदी गेला असता. चूक माही हाय."

"म्हणजे मी रेस दिली म्हणून..." प्रमोदराव म्हणाले.

"नाई, नाई, जवाईबापू!" चार तोंडांतून एकदम निघालं. त्यात माझंही होतं.

"अहो, पण रेस मीच दिली ना!"

कोणी मान्य करेना. बिचारा स्वतः मागत होता, तरी त्याला दोष मिळाला नाही.

देवरावजी मात्र वेगळ्याच हिशोबात गुंतले होते. "मंग मिस्त्री, मागच्या तीन खेपेले आमी जे नारळ आणले, ते?"

"चटणी केली," मी म्हणालो.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. गिरजाबाई हसल्या नाहीत.

वैशालीनं पदर खोचला आणि खाली बसली. मी सांगत गेलो, ती करत गेली. पंपाच्या तोंडात तेल, हातानं दांडा फिरवणं, पाइप भरून जोडणं. मी डिझेलची दांडी ओढून सेल्फ मारला. नटाजवळ फुसफुस झाली, फेस आला. मी म्हटलं, "आता कसा." ती वाकून बघत होती. "अजून नाई," म्हणाली. तिचं बरोबर होतं, तेलात बारीक बुडबुडे होते. पुन्हा सेल्फ. मग अखंड धार आली आणि तिनं नट कसला. इंजिन धीम्या चालीत पेटलं. तिनं लिफ्टची दांडी वर केली, आणि ते दोन लोखंडी हात, जणू कालचं काही झालंच नाही असे, सरळ वर आले.

गिरजाबाई आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. तर त्या हरभऱ्यानं भरलेलं सूप घेऊन बाहेर आल्या, मुलीच्या पुढून गेल्या आणि वैशालीसमोर उभ्या राहिल्या. "घे. मूठ धर. ओल चालली."

"हात तेलाचे हायेत, माये."

"असू दे."

माफी-बिफी काही नाही. त्या घरात एवढंच पुष्कळ होतं, आणि वैशालीला ते कळलं. तिनं तेलकट हातानंच मूठ भरली आणि वावराकडे चालायला लागली. मी तोंड धुवायच्या निमित्तानं विहिरीवर गेलो आणि बराच वेळ तोंड धूत बसलो.

आठ दिवसांत ही गोष्ट पंचक्रोशीत पोचली. त्यानंतर मी नारळ आणायला पाठवलं, की मालक हसायचा आणि तिथेच उभा राहायचा. लोक घोळका करून बघायला लागले, काही तर घरच्या घरी करायला लागले. माझ्या हाताचं वरदान संपलं आणि आमच्या घरची चटणीही. नाव मात्र 'नारळवाला' तेच राहिलं. पूर्वी ते मान म्हणून घेत, आता चिडवायला घेतात.

वैशाली आता शेजारपाजारच्यांचे पंप भरून देते. गेल्या वर्षी हरभऱ्याच्या वेळी त्यांच्या गावाकडून जात होतो, तर एका अंगणात ट्रॅक्टरभोवती गर्दी दिसली. मधोमध नरसाळं घेऊन ती. मालक चावी हातात घेऊन चुळबुळत होता. मी दुकान बंद केलं म्हणून तोंड थोडंच बंद केलंय? मागून सुरू झालो. "नट अजून ढिला कर. तेल हळू ओत. तो पाइप पाह्यला का? सेल्फ लय वेळ नको मारू."

चौथ्या सल्ल्याला तिनं नरसाळं खाली ठेवलं.

"मिस्त्रीभाऊ."

"हो, बाई."

"एक नारळ घेऊन या बरं. चांगला पाहून आणजा."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. उस्तादांच्याही कधी नसायचं.

गुडघे दुखत होते, तरी निघालो. किराणा दुकानात चार नारळ कानाशी हलवून पाहिले आणि पाणी वाजणारा निवडला. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय मिस्त्री, परत सुरू केलं का?" म्हटलं, "नाई बावा, आता मले पाठवतात." त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी बसलो. घाई नव्हती, तिला पंधरा मिनिटं तरी लागणारच होती.